थोरलीचा खोकला

या घराची पायरी पुन्हा चढणार नाही असं सांगून आत्या गेली, त्याला चार महिने झाले होते. मंगळवारी सकाळी नऊ वाजता ती पायरी चढली, तिने छत्री दाराला टेकवली आणि जाहीर केलं, "मी रंगासाठी आलेय, माणसांसाठी नाही. चहा टाका."

थोरली सून उठली आणि उठता उठता शिंकली.

"सर्दी?" आत्याने विचारलं.

"कालपासून."

"खोकला?"

थोरली उत्तर देण्याआधी जरा थांबली. "येतोय," ती म्हणाली आणि आत गेली.

साध्या प्रश्नाला माणूस का थांबतं, हे आत्याला कळलं नाही. तिला जे कळत नसे ते ती विसरत नसे.

तिला बोलावण्यासाठी दोन्ही भाच्यांनी एकमेकांच्या नकळत फोन केले होते. दादा म्हणाला होता, "आत्या, तू असलीस की न्याय होईल." धाकटा म्हणाला होता, "आत्या, तू असलीस की दादा गप्प बसेल." दुसरं कारण तिला जास्त पटलं होतं.

निमित्त मोठंच होतं. रविवारी जेवताना बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवून सांगितलं होतं, "मंगळवारी शेवटचं 'काढा' म्हणणार. नंतर दांडा दुसऱ्याच्या हातात."

या रंगशाळेत सूत हंड्यात कुणीही सोडावं, पण बाहेर काढायचं ते एकाच माणसाच्या शब्दावर. तो माणूस लांब लाकडी दांड्याने हंडा ढवळतो, बघत राहतो आणि योग्य क्षणी म्हणतो, "काढा." मग बाकीचे लोक लोखंडी आकडे घेऊन सुताच्या लडी उचलतात. शब्द देणाऱ्याने आकड्याला हात लावायचा नाही आणि आकडा धरणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. बाबा शहात्तर वर्षांचे होते. गेली एकतीस वर्षं दांडा त्यांच्याकडे होता. त्याआधी तो त्यांच्या वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे होता.

"कुणाच्या हातात?" दादाने विचारलं होतं. विचारताना तो सरळ बसला होता, कारण उत्तर त्याला माहीत होतं.

"तुम्ही दोघं हंड्याशी उभे राहा. रंग झाला असं वाटलं की हात वर करा. माझ्या शब्दाच्या जवळात जवळ ज्याचा हात, त्याचा दांडा."

रविवारी दुपारपासून घराची फेरमांडणी सुरू झाली. शनिवारपर्यंत धाकटी सून दादाच्या बाजूची होती, कारण वरची उजेडाची खोली तिला शिवणकामाला देण्याचं त्याने कबूल केलं होतं. रविवारी चार वाजता ती पुन्हा स्वतःच्या नवऱ्याच्या बाजूला आली. दांडा नवऱ्याकडे आला तर खोली मागावी लागणार नव्हती. दादाने ते ओळखलं आणि खोलीतल्या कपाटाला कुलूप लावलं. कपाट रिकामं होतं, पण कुलूप सर्वांनी पाहिलं.

दादा बावन्नचा. रंगाचं लाकूड तो आणायचा, गिऱ्हाइकं तो सांभाळायचा, आणि थोरलेपण ही एक प्रकारची नजरच असते असं त्याचं मत होतं. धाकटा चव्वेचाळीसचा. त्याच्याकडे थर्मामीटर होता आणि अकरा वर्षांच्या नोंदींची वही होती. त्यावरून त्याने शोधून काढलं होतं की बाबांच्या 'काढा'चा तापमानाशी काहीही संबंध लागत नाही. त्याला वाटत होतं, नोंदी कमी पडताहेत.

आणखी एका गोष्टीची नोंद त्याने ठेवायला हवी होती, पण ती त्याला सुचली नाही.

*

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबा दांडा हातात घेऊन हंड्याशी उभे होते. थोरली त्यांच्या मागे गाळणीचं फडकं पिळत होती. हंड्यातला रंग आधी विटकरी, मग लाल, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत पक्का लाल झाला. बाबा बोलले नाहीत. लाल रंग टोकाला पोचला, आता पुढे जाऊन तपकिरी होणार, तरी ते बोलेनात. सासऱ्यांना सांगायची सोय नव्हती. तिथे तोंड उघडायचा अधिकार एकालाच होता. वाफ घशात गेली म्हणा किंवा जीव घशात आला म्हणा, थोरली खोकली.

"काढा," बाबा म्हणाले.

पुढच्या हंड्याला ती पुन्हा खोकली. बाबा पुन्हा म्हणाले, "काढा." तिसऱ्या हंड्याला घशात काही नव्हतं, तरी ती खोकली आणि बाबांनी शब्द दिला. तेव्हा तिला कळलं की त्यांना दिसत नाही, आणि त्यांना कळलं की तिला कळलंय. सहा वर्षांत दोघं त्यावर एक अक्षर बोलले नव्हते.

घरात तिची ख्याती मात्र नाजूक घशाची म्हणून झाली. धाकटीने तिला दोनदा मधाची बाटली आणून दिली. दादाने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढून सांगितलं की अशी ठणठणीत छाती त्यांनी फार दिवसांत पाहिली नाही.

दांडा आपल्याकडे यावा असं तिला वाटत होतं. तिने ते नवऱ्याला एकदाच सांगायचा प्रयत्न केला. "तुला दांडा कशाला? तुझा खांदा दुखतो," दादा म्हणाला आणि त्याने पेपरचं पान उलटलं. तिचा खांदा कधी दुखला नव्हता. दुखतो तो त्याचा.

आज सकाळी तिने बाबांना चहा नेऊन दिला आणि पदराने नाक पुसत उभी राहिली.

"मामंजी, मला सर्दी झालीय."

"मग वाफेपाशी उभी राहू नकोस."

"उभं राहायलाच हवं ना."

बाबांनी कप तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. "हो. राहायला हवं."

"खोकला आपोआप येतोय."

"आपोआप," बाबा म्हणाले. शब्दाची चव घेत असावेत तसे. "मग दाबून धर."

"धरतेय. पण सुटला तर कुठला कसला ते..."

दारात दादा आला. "कोणता खोकला? वहीत लिहितोय का धाकटा?"

"काही नाही," बाबा म्हणाले आणि कप बशीच्या शेजारी, टेबलावर ठेवला. थोरलीने बशी सरकवून कपाखाली नेली. दादाने ते पाहिलं आणि बायको किती टापटिपीची आहे, एवढंच त्याच्या मनात आलं.

*

पडदेवाल्या बाई साडेदहाला आल्या. नाट्यगृहाचे पडदे विणणं हे त्यांचं काम. एका जुन्या पडद्याची डावी बाजू छप्पर गळून कुजली होती, उजवी शाबूत होती. नवी डावी बाजू जुन्या उजवीशेजारी टांगायची होती. चारशे माणसं रोज दोन तास तिकडे बघणार होती. बावीस वर्षांपूर्वी तो लाल रंग याच हंड्यातून निघाला होता. त्याचा वीतभर तुकडा बाईंनी पत्र्याच्या डबीत आणला होता.

"हाच लागेल," त्या म्हणाल्या. "याच्यासारखा नको. हाच."

"बाई, लाकूडसुद्धा त्याच गाड्यातलं आहे," दादा म्हणाला. "शेवटचा ओंडका राखून ठेवला होता. त्याचा गाभा तासून ढलप्या केल्यात. तीन दिवस भिजवल्या, काल उकळून गाळल्या. लोकर तुरटीत मुरवलीय."

"आणि जास्त झाला तर?"

"कमी पडला तर परत हंड्यात घालता येतं. जास्त झाला तर..." दादाने वाक्य अर्धं सोडलं. बाईंनी डबी त्याच्यासमोर धरली. "जास्त होत नाही आमच्याकडे," त्याने पुरं केलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी चाळीस लडी तांब्याच्या हंड्यात उतरल्या. जाळ मंद होता. बाबा दांडा घेऊन उभे राहिले. डावीकडे दादा, उजवीकडे धाकटा, त्याचा थर्मामीटर हंड्याच्या काठाला दोरीने बांधलेला. आकडे घेऊन दोन कामगार आणि धाकटी. मागे फडकं घेऊन थोरली. आत्या छत्री घेऊन आली होती, तिला खुर्ची दिली होती. ती खुर्ची तिने स्वतः तीनदा हलवून अशा जागी आणली की हंडा कमी आणि माणसं जास्त दिसतील.

पहिली तीन मिनिटं काही झालं नाही. थोरलीने फडकं तोंडावर धरलं होतं. तिचे डोळे पाणावले, मानेच्या शिरा फुगल्या.

"वहिनी, तुम्ही बाहेर जा ना थोडा वेळ," धाकटी म्हणाली.

थोरलीने मान हलवली. मान हलवल्यानेच घात झाला. फडक्यातून खोकला निसटला.

"काढा," बाबा म्हणाले.

 मग दादाचा हात वर गेला. त्याच्या पाठोपाठ, फार तर पापणी लवायच्या अंतराने, धाकट्याचा.

"मी आधी," दादा म्हणाला.

"मी थर्मामीटर वाचत होतो. माझा निर्णय आधीच झाला होता. हात उशिरा गेला."

शब्द तो शब्द. आकडे लागले आणि चाळीस लडी वर आल्या. आडव्या काठीवर त्या निथळत राहिल्या, आणि सर्वांनी त्यांच्याकडे पाहिलं. रंग तापातून उठलेल्या माणसाच्या ओठांसारखा होता.

"सुरेख," दादा म्हणाला.

"एकसारखा चढलाय," धाकटा म्हणाला. ते खरं होतं. सगळीकडे एकसारखाच कमी चढला होता.

पडदेवाल्या बाईंनी डबी उघडली, तुकड्याचं टोक पाण्यात बुडवलं, कारण ओला रंग ओल्याशीच ताडायचा असतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते लडीला लावलं. कोळशाशेजारी राख ठेवावी तसं दिसलं.

"हा?" बाई म्हणाल्या.

"वाळल्यावर चढेल," दादा म्हणाला.

"वाळल्यावर चढणारा रंग मी साठ वर्षांत बघितला नाही," आत्या खुर्चीतून म्हणाली. "वाळल्यावर उतरतो. हे या घरातल्या मांजरालाही माहीत आहे."

"पण बाबांनी शब्द दिलाय, आत्या. बाबांच्या नजरेला..."

"बाबांच्या नजरेला काय?"

दादाने पुन्हा लडींकडे पाहिलं. धाकट्याने वही उघडली आणि मिटली. शांतता पसरली, आणि त्या शांततेवरून बाबांना काय घडलंय ते कळलं. बोटांनी दांडा घट्ट धरून ते दोन श्वास उभे राहिले. मग म्हणाले, "परत घाला. बघत होतो, चुकीच्या रंगाला कोण कोण सुरेख म्हणतं."

दादाचा चेहरा पडला. धाकट्याचा त्याआधीच पडला होता. या वेळी मात्र तो दादाच्या आधी पडला याचं त्याला समाधान वाटलं नाही.

"म्हणजे ही परीक्षा होती?" धाकटीने विचारलं.

"मग काय सहल होती? घाला परत."

थोरलीने फडक्याआड डोळे मिटले. म्हाताऱ्याचं डोकं अजून तेज आहे, तिला वाटलं. नुसते डोळेच गेलेत.

*

लडी पुन्हा उतरल्या. आता मात्र आत्याने हंड्याकडे अजिबात पाहिलं नाही.

थोरलीला दुसरा खोकला आला. दोघा भावांचे हात नकळत खांद्यापर्यंत उठले आणि तिथेच रेंगाळले. बाबांनी ओठ मिटून घेतले.

तिसरा आला. बाबांच्या तोंडून "का..." एवढं निघालं आणि त्यांनी ते गिळलं.

"काय?" धाकटा म्हणाला.

"काही नाही. काम कर."

चौथ्या खोकल्याला आत्याने आवाजाकडे पाहिलं नाही, भावाच्या, म्हणजे बाबांच्या, तोंडाकडे पाहिलं. खोकला आला आणि तोंड उघडलं. खोकला थांबला आणि तोंड मिटलं. एका बाजूला दोरी ओढली की दुसऱ्या बाजूला घंटा हलावी तसं. साध्या प्रश्नाला थोरली का थांबली ते आता तिला कळलं. आणखीही एक गोष्ट आठवली, जी ती एकतीस वर्षं विसरली नव्हती.

ती उठली आणि भावाच्या कानाशी जाऊन उभी राहिली. तिचं कुजबुजणं पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचत असे.

"अण्णांचे डोळे शेवटची चार वर्षं गेले होते. आठवतं?"

"हंडा चालू आहे," बाबा म्हणाले.

"चालू दे. मी मागे बादली घेऊन उभी असायचे. रंग झाला की बादलीवर टिचकी मारायचे. अण्णा म्हणायचे, काढा. तू कुठे असायचास?"

"डावीकडे."

"ऐकू यायची टिचकी?"

बाबांनी दांडा एकदा गोल फिरवला. "यायची."

"आणि दांडा कुणाला मिळाला?"

"मला."

"एवढंच," आत्या म्हणाली. "मला वाटलं होतं, तुला माहीतच नव्हतं. निदान तेवढं बरं वाटायचं." ती परत खुर्चीकडे गेली, पण बसली नाही.

दादाला यातलं काहीही समजलं नाही. कसली बादली, कसली टिचकी? त्याने धाकट्याकडे पाहिलं. रविवारनंतर प्रथमच दोघा भावांनी एकमेकांकडे मदतीसाठी पाहिलं, आणि दोघांकडेही ती नव्हती.

थोरलीला सगळं समजलं. हंड्यातला विटकरी रंग मागे हटत होता, लाल पुढे येत होता. दोन मिनिटं, फार तर अडीच. आता ती खोकली, तर मामंजी शब्द देतील. दोघांपैकी एकाचा हात वर जाईल. दांडा त्याच्याकडे जाईल आणि ती त्याच्या मागे फडकं घेऊन उभी राहील, खोकत. पुढची वीस वर्षं. मग एक दिवस कुणाच्या तरी सुनेजवळ उभी राहून म्हणेल, मी खोकायचे.

तिने फडकं तोंडावरून काढलं, नीट घडी घातली आणि खांद्यावर टाकलं. घशात खवखव होती. तिने आवंढा गिळला आणि गप्प उभी राहिली.

बाबा वाट बघत होते. वाफेचा वास बदलला होता, एवढं त्यांना कळत होतं. वेळ झालीय की व्हायचीय, हे वासावरून कळत नसे. मागून काही ऐकू येत नव्हतं.  दादाचा हात वर गेला, खाली आला, कानामागे खाजवून पुन्हा वर गेला. धाकट्याने थर्मामीटरवर टकटक केली.

"बाबा," दादा दबक्या आवाजात म्हणाला, "आता..."

"तोंड बंद."

ओंडका शेवटचा होता. चुकलं तर तो लाल पुन्हा निघणार नव्हता. बाबांनी मान किंचित मागे वळवली. तसं त्यांनी चारचौघांत कधी केलं नव्हतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "झाला का?"

कामगाराच्या हातातला आकडा खाली पडला. तांब्याच्या काठाला लागून वाजला, बराच वेळ वाजत राहिला.

"अजून नाही," थोरली म्हणाली. सर्दीने तिचा आवाज फाटला होता, बेडकासारखा येत होता. "थोडं थांबा."

"तिला काय विचारताय?" दादा म्हणाला.

"मग कुणाला विचारू? तुला? तू मघाशी सुरेख म्हणालास."

"पण बाबा, तुम्हाला स्वतःला..."

"मला सहा वर्षं दिसत नाही," बाबा म्हणाले. चहात साखर नाही म्हणावं तशा आवाजात. "ढवळतोय मी. बघतेय ती."

धाकट्याने वही उघडली. गेल्या सहा वर्षांच्या नोंदी. पानं उलटताना त्याचे ओठ हलत होते. "म्हणूनच," तो स्वतःशीच म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं, सुटका होती. "म्हणूनच तापमानाशी जुळत नव्हतं."

थोरली पुढे आली, हंड्याच्या काठाशी, जिथे ती कधी उभी राहिली नव्हती. एक लड काडीने वर उचलून पाहिली, सोडली. पुन्हा उचलली.

"काढा," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. मुद्दाम नव्हे. इतक्या वर्षांची सवय होती, त्या आवाजाला हात उठत नव्हते. सगळे बाबांकडे बघत राहिले आणि हंड्यात लाल रंग एकेक श्वास पुढे सरकत होता.

"याचे डोळे गेलेत," आत्या म्हणाली, "तुमचे कान गेलेत का?"

बाबांनी दांडा भिंतीला टेकवला. वाकले, जमिनीवर हात फिरवला, पडलेला आकडा सापडला. काठ चाचपत त्यांनी आकडा हंड्यात घातला आणि पहिली लड स्वतः उचलली. शब्द देणाऱ्याने आकड्याला हात लावायचा नसतो. मग दादा धावला, धाकटा धावला, धाकटीने पदर खोचला, आणि चाळीस लडी एका मिनिटाच्या आत काठीवर आल्या.

पडदेवाल्या बाईंनी तुकडा पुन्हा भिजवला. एका लडीवर ठेवला. जरा मागे झाल्या, डोळे बारीक केले, पुढे आल्या. मग लडीवर हात फिरवू लागल्या, वर, खाली, पुन्हा वर.

"काय झालं, बाई?" दादाने घाबरून विचारलं.

"माझा तुकडा," बाई म्हणाल्या, "कुठे ठेवला मी?"

तो धाकटीला सापडला, तोही बोटांनी.

थोरलीने तोपर्यंत धीर धरला होता. आता ती खोकली. मनसोक्त, कंबरेत वाकून, कुणालाही काहीही न सांगणारा खोकला. दादाचा हात सवयीने वर गेला. त्याने तो पाहिला आणि तसाच डोक्यावर ठेवला, केस सारखे करायला.

"आत्याबाई, जेवूनच जा," थोरली श्वास घेत म्हणाली.

"मी माणसांसाठी आले नव्हते," आत्या म्हणाली आणि बसली. "काय केलंय जेवायला?"

बाबांनी भिंतीशी चाचपून दांडा उचलला, दोन्ही हातांवर आडवा धरला आणि पुढे केला. पण तो थोरली उभी होती तिथून दोन पावलं डावीकडे गेला, धुराड्याच्या खांबासमोर. खांबाला दांडा देत ते उभे राहिले. दादाने सांगायला तोंड उघडलं. आत्याने त्याच्या पायावर छत्री ठेवली.

थोरलीने नाक पुसलं, दोन पावलं डावीकडे सरकली आणि खांबाच्या पुढे जाऊन उभी राहिली.